चाळ, खळे आणि दोन इमारतींमधली भुई

लासलगाव हे उत्तुंग इमारतींचे गाव नव्हे. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील, नाशिक आणि मनमाड यांच्या दरम्यान मध्य रेल्वेच्या मार्गावर असलेले हे गाव देशाला ठाऊक आहे ते कांद्याच्या बाजारपेठेमुळे. तरीही बहुमजली निवासी इमारतींच्या मधली जमीन राहण्याजोगी आणि टिकाऊ कशी करावी, हा जो प्रश्न आज महाराष्ट्रातील शहरांपुढे आहे, त्याच्या अभ्यासाला लासलगावचा परिसर फार उपयोगी पडतो. मोकळ्या जागेचे तीन वेगवेगळे संस्कार तेथे एकमेकांना लागून आढळतात: गावठाणातील चौक आणि खळे, बाजार समितीचे आवार, आणि शेताच्या बांधालगतची कांदाचाळ. या तिन्ही ठिकाणी मोकळी जागा बांधकामानंतर उरत नाही, ती बांधकामाच्या आधी ठरते.

नगररचनेच्या नियमांत ‘मोकळी जागा’ या संज्ञेचे दोन अर्थ होतात. पहिला सामासिक अंतराचा, म्हणजे इमारतीची भिंत आणि भूखंडाची हद्द अथवा दोन इमारती यांच्यामध्ये उजेड, वारा आणि अग्निशमन यांसाठी सोडावयाच्या पट्ट्याचा; दुसरा मनोरंजनासाठी राखावयाच्या सामाईक जागेचा, म्हणजे जिच्यावर मुले खेळावीत, झाडे वाढावीत आणि रहिवासी एकत्र यावेत अशा जमिनीचा. दोन्ही अर्थ तेथे काय बांधायचे नाही हे नेमके सांगतात. तेथे काय घडायचे, केव्हा घडायचे आणि त्या जागेची राखण कोणी करायची, याविषयी ते फारसे बोलत नाहीत. लासलगावच्या जुन्या मोकळ्या जागांचा इतिहास हा या तीन अनुत्तरित प्रश्नांना त्या त्या काळाने दिलेल्या उत्तरांचा इतिहास आहे, आणि ती उत्तरे सगळीच न्याय्य नव्हती हेही त्याच इतिहासात नोंदलेले आहे.

पांढरी, काळी आणि खळे

देशावरील गावाची जमीन परंपरेने दोन रंगांनी ओळखली जात असे: राखेने आणि पडक्या भिंतींच्या मातीने पांढरट झालेली, घरांखालची ती पांढरी, आणि नांगराखालची ती काळी. पांढरीभोवती गावकूस म्हणजे गावाची तटभिंत असे, तिला वेस असे, आणि आत घरे इतकी दाटीने बांधलेली असत की बाहेरून येणाऱ्याला मोकळीक जवळजवळ दिसतच नसे. ती घराच्या पोटात असे. वाड्याचा चौक, म्हणजे सोप्यांनी वेढलेला आणि आकाशाला उघडा असलेला मधला भाग, उजेड आत घेई, तापलेली हवा वर सोडी, पागोळ्यांचे पाणी गोळा करून मोरीवाटे बाहेर नेई आणि वाळवणापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत घरातील निम्मी कामे अंगावर घेई. घराबाहेर पडल्यावर पार, म्हणजे वडापिंपळाच्या बुंध्याभोवती बांधलेला ओटा, आणि चावडी, म्हणजे गावकामगारांच्या बसण्याउठण्याची जागा, या दोन ठिकाणी गावाचा व्यवहार चाले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ज्या ग्रामव्यवस्थेचे वर्णन केले, ती व्यवस्था याच थोड्या आणि ठरलेल्या जागांवर उभी होती.

या सर्वांत खळे ही जागा विशेष विचार करण्याजोगी आहे. कापणीनंतर जमीन चोपून, शेणाने सारवून कठीण केलेले ते वर्तुळ, मध्यभागी रोवलेली मेढ आणि तिच्याभोवती फिरणारी बैलांची पात, असे त्याचे रूप सर्वपरिचित आहे. परंतु खळ्याची जागा कशी निवडली जाई, हे त्याहून महत्त्वाचे आहे. मळणीनंतर उफणणी करावयाची असे, म्हणजे धान्य उंचावरून सोडून वाऱ्याने भूस वेगळे करावयाचे असे, आणि म्हणून खळे अशा ठिकाणी केले जाई जेथे वारा झाडांनी किंवा भिंतींनी अडत नाही. याच खळ्यावर सुतार, लोहार, कुंभार, न्हावी आदी बलुतेदारांना त्यांच्या वर्षभराच्या कामाचा धान्यरूप मोबदला, म्हणजे बलुते, मोजून दिले जाई. एकाच जमिनीच्या तुकड्यावर शेतीचे काम, हिशेब आणि गावाचे परस्परावलंबन एकत्र येई, तेही वर्षातील ठरावीक आठवड्यांत. सुगी संपली की तीच जागा जनावरांना किंवा मुलांच्या खेळांना मोकळी होई. आजच्या नगररचनाकारांच्या भाषेत ज्याला बहुउपयोगी जागा म्हटले जाते, ती खळ्याला काळाच्या वाटणीमुळे साधली होती.

या चित्राची दुसरी बाजू दृष्टीआड करता येत नाही. पार, पाणवठा, देवळासमोरचे अंगण या जागा ‘गावाच्या’ होत्या असे म्हणताना गाव या शब्दात कोण मोडत होते हा प्रश्न उरतो, कारण अस्पृश्य मानलेल्या समाजांची वस्ती गावकुसाबाहेर होती आणि गावकुसाच्या आतील सामाईक जागांवर त्यांना समान हक्क नव्हता. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा आदी ठिकाणे सर्वांना खुली करण्याची भूमिका घेतली, १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा आणि १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी लासलगावच्या शेजारच्या येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. या घटना धार्मिक आणि सामाजिक इतिहासात सांगितल्या जातात, पण जागांच्या इतिहासातही त्यांचे स्थान आहे. मोकळी जागा आकाशाला उघडी असली म्हणजे माणसांनाही उघडी असते असे नाही, ही गोष्ट या परिसराने अत्यंत कठोरपणे अनुभवलेली आहे, आणि पहारेकऱ्याच्या फाटकामागे बंद असलेल्या आजच्या गृहसंकुलांकडे पाहताना ती विसरण्याजोगी नाही.

सामाईक जागांवरील वहिवाटीला पुढे लेखी रूपही मिळाले. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज अशा दोन दस्तऐवजांची तरतूद आहे. पहिल्यात गावातील भोगवट्याखाली नसलेल्या जमिनीच्या व्यवस्थापनाची योजना, म्हणजे चराई, सरपण आदींची व्यवस्था येते, आणि दुसऱ्यात वाट, पाणी, मासेमारी यांविषयीच्या रूढ हक्कांची नोंद होते. कोणती जागा मोकळी आहे एवढ्यावर न थांबता तिच्यावर कोणाचा कोणता वापर चालतो हे लिहून ठेवण्याची ही रीत ग्रामीण महसूल व्यवस्थेत आहे. शहरी इमारतीच्या मंजूर नकाशात तिचा मागमूस आढळत नाही.

उघड लिलावाची जमीन

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुंबईहून घाट चढून भुसावळकडे जाणारा मार्ग या परिसरातून गेला आणि मालाच्या वाटा बदलल्या. तोवर या भागातील महत्त्व सरदारांच्या ठाण्यांना होते: जवळचे विंचूर हे विंचूरकरांचे, तर चांदवड हे होळकरांचे, जेथे त्यांचा रंगमहाल आजही उभा आहे. रेल्वेने हे महत्त्व स्थानकांजवळच्या पेठांकडे सरकवले. माल साठवायला, मोजायला आणि डब्यात भरायला सपाट, प्रशस्त आणि गाड्यांना वळता येईल अशी जमीन लागू लागली, आणि खळ्याचे काम हळूहळू शेतातून पेठेकडे आले. हा प्रवास भाषेनेही टिपून ठेवला आहे. लासलगावात कांद्याचे व्यापारी खरेदी केलेला माल जेथे उतरवतात, निवडतात, प्रतवारी करून गोण्यांत भरतात, त्या आवारालाही खळे असेच म्हणतात. धान्याची मळणी यंत्रांकडे गेली, बैलांची पात थांबली, पण उघड्यावर माल पसरून तो माणसांच्या, विशेषतः मजूर स्त्रियांच्या हातांनी निवडण्याची जागा त्याच नावाने जगली.

बाजाराच्या मोकळ्या जागेला कायद्याचा आधार मिळण्यामागे एक विशिष्ट कारण होते. नियमन होण्यापूर्वी अनेक बाजारपेठांत दर ठरवण्याची हत्ता पद्धत रूढ होती. रुमालाखाली किंवा धोतराच्या सोग्याखाली दलाल आणि खरेदीदार एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा असूनही त्याला बोलणी कळत नसत. वऱ्हाडात १८९७ च्या कायद्याने कापूस आणि धान्य बाजारांचे नियमन सुरू झाले होते. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई प्रांतात १९३९ मध्ये शेतमाल बाजारांचा कायदा झाला. आणि १९४७ मध्ये लासलगावची कृषी उत्पन्न बाजार समिती स्थापन झाली, जिचे निफाड आणि विंचूर हे उपबाजार आहेत. पुढे १९६३ च्या राज्य अधिनियमाने ही सर्व व्यवस्था एका छत्राखाली आली.

नियमनाचा गाभा उघड लिलावात होता, आणि उघड लिलाव हा जितका व्यापाराचा तितकाच जागेच्या रचनेचा प्रश्न होता. भाव मोठ्याने पुकारला जावा, सर्वांनी तो ऐकावा आणि शेतकऱ्याने तो घेताना किंवा नाकारताना आपल्या मालाजवळ उभे असावे, यासाठी वाहने ओळीने लावावी लागतात, दोन ओळींमध्ये लिलाव पुकारणारा, व्यापारी आणि शेतकरी यांना एकत्र चालता येईल इतकी वाट ठेवावी लागते, आणि लिलाव झालेले वाहन बाकीच्यांना न अडवता वजनकाट्याकडे जाईल असा रस्ता राखावा लागतो. पूर्वी या ओळी बैलगाड्यांच्या होत्या, आता त्या ट्रॅक्टर-ट्रॉली आणि पिकअप गाड्यांच्या आहेत. कांदाही गोणीतून येण्याऐवजी ट्रॉलीत मोकळा येतो, कारण मोकळा माल वरपासून खालपर्यंत पाहता येतो. दोन ओळींमधली ती काही फुटांची वाट बंद झाली, तर पद्धत कागदावर उघड राहूनही व्यवहार पुन्हा झाकला जाईल. ज्या जागेत काहीच बांधलेले नाही, तिच्यावर बाजाराचा प्रामाणिकपणा अवलंबून आहे, आणि म्हणूनच तिला वेळापत्रक, नियम, शुल्क, मापारी, हमाल आणि निवडून आलेले संचालक मंडळ एवढा मोठा राखणदार लाभला.

वाऱ्याची चाळ

लासलगावच्या परिसरात चाळ हा शब्द उच्चारला की प्रथम डोळ्यांसमोर येते ती कांदाचाळ. रब्बी हंगामातील, उन्हाळ या नावाने ओळखला जाणारा कांदा साधारण एप्रिल-मेमध्ये काढला जातो आणि पुढचा लाल कांदा बाजारात येईपर्यंत, म्हणजे पावसाळा ओलांडून, तो साठवून ठेवावा लागतो. कांदा जिवंत असतो. तो श्वसन करतो, ओलावा सोडतो, आणि त्या ओलाव्याला वाट मिळाली नाही तर सडतो किंवा कोंब धरतो. म्हणून कांदाचाळ ही भिंतींपेक्षा फटींची वास्तू आहे. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच उचललेला, खालून हवा येईल असा तळ, बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या सांधे सोडलेल्या बाजू, चार-पाच फुटांपलीकडे न जाणारी थराची रुंदी आणि उंची, आणि पावसाचा मारा आत येऊ नये इतके पुढे काढलेले छप्पर, अशी तिची रचना असते.

या रचनेत दिशेचा विचार मूलभूत आहे. एक पाखी चाळ, म्हणजे कांद्याची एकच लांब रास असलेली, दक्षिणोत्तर बांधावी, आणि दोन पाखी चाळ, म्हणजे मध्ये वाट ठेवून दोन राशी समोरासमोर मांडलेली, पूर्व-पश्चिम बांधावी, असा संकेत कृषी विस्ताराच्या मार्गदर्शनातून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचलेला आहे. उन्हाळा आणि पावसाळा या दोन्ही ऋतूंत येथे वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो; एक पाखी चाळीची लांब बाजू त्याला सामोरी राहिली की तो अरुंद राशीतून आरपार जातो, तर दोन पाखी चाळीत तो मधल्या वाटेने शिरतो आणि दोन्ही राशींना कोरडे ठेवतो. ती मधली वाट भरून तिथेही कांदा रचला तर साठवण काही क्विंटलांनी वाढेल, पण शेजारच्या दोन्ही राशी धोक्यात येतील, हे शेतकऱ्याला नियमावली न वाचताही कळते. त्याच्या लेखी दोन राशींमधली मोकळीक फुकट गेलेली जागा नसते. तीच साठवणीचे यंत्र असते. भोवती पाणी साचू न देणे, गवत वाढू न देणे आणि चाळ उंचवट्यावर घेणे हाही त्याच शहाणपणाचा भाग आहे, कारण मधली जागा टिकवायची तर भोवतालच्या जमिनीची निगा राखावी लागते.

माणसांची चाळ

एका छपराखाली ओळीने असलेल्या खोल्या, हा चाळ या शब्दाचा जुना अर्थ मुंबईत माणसांच्या घरांना लागला आणि शेतात कांद्याच्या राशींना. परंतु गिरण्यांच्या मुंबईत चाळी उभ्या राहिल्या तेव्हा कांदाचाळीतील वाऱ्याचा विचार बहुतेक ठिकाणी सुटला होता. एकमेकींना चिकटलेल्या इमारती, त्यांच्यामध्ये मैला वाहून नेणाऱ्या अरुंद गल्ल्या आणि उजेड न पोहोचणाऱ्या खोल्या यांचे परिणाम १८९६ च्या प्लेगच्या साथीने उघडे पाडले. त्यातून १८९८ मध्ये मुंबई सुधारणा न्यास, म्हणजे दाट वस्त्या मोकळ्या करून नव्या वसाहती आखणारी संस्था, स्थापन झाली.

या न्यासाने दोन इमारतींमधल्या जागेला प्रथमच गणिताचे रूप दिले. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून ओळखला जाणारा हा दंडक असा होता की खोलीसमोरच्या मोकळ्या जागेच्या पलीकडल्या टोकाला जे बांधकाम असेल, त्याचा माथा खोलीच्या पायथ्यापासून ६३.५ अंशांनी वर चढणाऱ्या रेषेच्या वर जाऊ नये. सोप्या भाषेत सांगायचे तर समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्म्याने तरी मधली जागा रुंद असावी. दादर-माटुंगा भागातील हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि पाच उद्याने यांसारखी वस्ती याच न्यासाच्या आखणीतून आली, आणि तेथील झाडे व रस्ते आजही त्या विचाराची साक्ष देतात.

श्रमिकांसाठीचा पुढचा मोठा प्रयत्न १९२० मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विकास विभागाचा, म्हणजे बीडीडीचा. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून त्याने २०७ चाळी बांधल्या. प्रत्येक इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची, एकूण ८० खोल्यांची, आणि प्रत्येक खोली साधारण १६० चौरस फुटांची. खोली इतकी लहान होती की संसाराचा बराच भाग बाहेर घडणे अटळ होते, आणि दोन चाळींमधल्या पटांगणांनी तो सामावून घेतला. हुतूतूचे सामने, पापड-कुरडयांचे वाळवण, सत्यनारायणाची पूजा, लग्नाचा मांडव, कामगारांच्या सभा आणि गणेशोत्सव यांना तेथे आपापली वेळ मिळाली. सार्वजनिक गणेशोत्सवाचा तर चाळीच्या अंगणाशी जन्मापासून संबंध आहे, कारण गिरगावातील केशवजी नाईक चाळीत तो १८९३ पासून साजरा होत आला आहे. या पटांगणांना मालक सरकार किंवा घरमालक असला, तरी राखणदार मंडळे होती. वर्गणी, स्वच्छता, मांडवाची जागा आणि खेळाची वेळ हे वाद तीच सोडवत. चाळीचे जीवन आठवणींत रम्य वाटते आणि त्यामुळे खोलीतील दाटीवाटी, सामाईक संडासांपुढच्या रांगा आणि स्त्रियांना न मिळणारा आडोसा विसरला जातो. परंतु अपुऱ्या घराची भरपाई मधल्या जागेने केली, एवढे निरीक्षण त्या रम्यतेखेरीजही खरे आहे.

बुरुजांच्या पायथ्याशी

विसाव्या शतकाच्या मध्याला युरोपातील आधुनिक वास्तुविचाराने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. ल कॉर्ब्युझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या, १९३३ च्या परिषदेतून निघालेल्या अथेन्स सनदेचा आग्रह सूर्यप्रकाश, मोकळीक आणि हिरवळ यांचा होता, आणि मार्ग असा की घरे उंच रचावीत, म्हणजे जमीन उद्यानासाठी मोकळी होईल. हिशेब अचूक होता, पण मोकळी झालेली जमीन कोणाची आणि कशासाठी, हे त्यात अध्याहृत राहिले. अमेरिकेतील सेंट लुइस येथील प्रुइट-आयगो ही अकरा मजली ३३ इमारतींची वसाहत १९५० च्या दशकात उभी राहिली आणि १९७२ पासून पाडली गेली. दारिद्र्य, वंशभेद आणि देखभालीला न मिळालेला पैसा ही त्यामागची मोठी कारणे होती, पण इमारतींमधल्या बेवारस जमिनीचा उल्लेखही त्या चर्चेत सतत झाला. जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये रस्त्यावरच्या वर्दळीचे रक्षणमूल्य दाखवले, यान गेल यांनी १९७१ मध्ये इमारतींमधील जीवनावर ग्रंथ लिहिला, आणि ऑस्कर न्यूमन यांनी १९७२ मध्ये असा सिद्धांत मांडला की जी जागा कोणत्या तरी ओळखीच्या गटाची आहे असे वाटते, तिचीच राखण होते. सिंगापूरने याच सुमारास आपल्या गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींचे तळमजले मोकळे ठेवण्यास सुरुवात केली आणि तेथे लग्ने, अंत्यविधीपूर्वीची बैठक, वृद्धांचे कट्टे यांना अनुमती दिली. उंचीला त्यांनी नाकारले नाही, तिच्या पायथ्याला काम दिले.

मुंबईत उंचीचा प्रश्न गिरण्यांच्या जमिनींबरोबर तीव्र झाला. १९८२ च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीसाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत असे सूत्र होते की पुनर्विकासात ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन शहराच्या मोकळ्या जागांना, एक तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणाला आणि उरलेली मालकाला मिळावी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीला लागू केली, म्हणजे जुन्या बांधकामाखालची जमीन तीतून वगळली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शहराच्या बाजूने दिलेला निर्णय २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. मोकळी जमीन या दोन शब्दांची व्याख्या बदलताच शहराच्या वाट्याची मैदाने आक्रसली.

उंच संकुलांच्या आतही व्याख्यांचाच झगडा चालू राहिला. वाहनतळाच्या मजल्यांवर केलेले पोडियम, म्हणजे उचललेले सपाट छत, हेच मनोरंजनाची मोकळी जागा मानावे, असा विकासकांचा आग्रह होता. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नियमाने बंधनकारक असलेली ही जागा जमिनीवरच असली पाहिजे, आणि अग्निशमन वाहनासाठी इमारतीलगत सहा मीटर मोकळे अंतर राखले पाहिजे. जमिनीचा हा आग्रह भावनिक नव्हता. पोडियमवरील मातीचा थर उथळ असतो, त्यावर लॉन आणि झुडपे जगतात, पण वड, कडुनिंब किंवा चिंच यांची मुळे रुजत नाहीत, आणि पावसाचे पाणी भूगर्भात न मुरता नळीवाटे गटारात जाते. तत्पूर्वी २०१० मध्ये त्याच न्यायालयाने इमारतीखालील आणि भोवतालची उघडी वाहनतळाची जागा सदनिकांप्रमाणे स्वतंत्रपणे विकता येत नाही, ती सामाईक आहे, असे म्हटले होते. तिसरी अडचण मालकीची आहे. महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम, १९६३ प्रमाणे विकासकाने जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी हक्काचे लेखी हस्तांतर, गृहनिर्माण संस्थेच्या नावे करावयाचे असते. ते रखडलेल्या इमारतींची संख्या इतकी मोठी झाली की २००८ मध्ये कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे विकासकाच्या संमतीशिवाय सक्षम अधिकाऱ्यामार्फत हक्क मिळवण्याची, तरतूद करावी लागली. दरम्यानच्या वर्षांत दोन इमारतींमधल्या भुईला रहिवासी असतात, पण राखणदार नसतो.

या जागांचे निसर्गाशीही वैर होते. उंच भिंतीवर आदळलेला वारा खाली वळतो आणि दोन इमारतींच्या फटीत वेग धरतो, तर आडव्या ओळीत उभ्या केलेल्या इमारतींमागे तो पोहोचतच नाही. काही कोपरे दिवसभर सावलीत गारठतात आणि काही फरसबंदीच्या उष्णतेने सायंकाळपर्यंत तापलेले राहतात. कांदाचाळीत जी फट राशीला कोरडे ठेवते, तीच फट येथे मापात आणि दिशेत चुकल्याने माणसाला हुसकावून लावते.

काम, वेळ आणि राखणदार

डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने बृहन्मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता महाराष्ट्रभर लागू होणारी एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आणली. तिच्यानुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या आखणीत किमान १० टक्के क्षेत्र मनोरंजनासाठी मोकळे ठेवावे लागते, आणि इमारतीची उंची वाढली की सामासिक अंतरेही वाढतात. नाशिकसारख्या शहरांत, आणि त्यांच्या ओढीने वाढणाऱ्या निफाड तालुक्यातील गावांत, पुढील वस्ती याच चौकटीत उभी राहणार आहे. नियमावली क्षेत्रफळ आणि अंतर यांची हमी देते, परंतु या परिसराच्या इतिहासातील यशस्वी जागा पाहिल्या तर त्यांच्यात क्षेत्रफळाखेरीज आणखी तीन गोष्टी आढळतात.

पहिली गोष्ट कामाची. खळ्याला मळणी होती, आवाराला लिलाव आहे, चौकाला वाळवण होते; केवळ पाहण्यासाठी राखलेली हिरवळ एवढा वापर कधीच निर्माण करत नाही. संकुलाच्या मधल्या जागेत भाजीबाग, कंपोस्टचे खड्डे, रोपवाटिका, सायकल दुरुस्तीचा कट्टा किंवा पावसाचे पाणी जिरवणारा उघडा चर असला, तर माणूस तेथे फिरायलाच नव्हे, कामानेही येतो आणि जागेची ओळख टिकते. दुसरी गोष्ट वेळेची. बाजाराच्या आवारात एकच भुई लिलावाच्या वेळी गजबजते आणि नंतर रिती होते, कारण तिच्या वापराला तासांची वाटणी आहे. संकुलात मात्र वाहनतळ, खेळ आणि समारंभ यांना कायमचे वेगळे कोपरे दिले जातात, आणि ते कोपरे बहुतेक वेळ रिकामे किंवा बहुतेक वेळ अडलेले राहतात. तिसरी गोष्ट राखणदाराची, म्हणजे निर्णय घेणाऱ्या, खर्च उचलणाऱ्या आणि वाद सोडवणाऱ्या ठरलेल्या माणसांची. वाजिब-उल-अर्जाच्या धर्तीवर प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने आपल्या मोकळ्या जागेच्या वापराचा लेखी करार ठेवला, त्यात मुलांचे, वृद्धांचे, घरकामाला येणाऱ्या स्त्रियांचे आणि पहारेकऱ्यांचेही हक्क नोंदले, आणि तो अभिहस्तांतरणाच्या दस्तासोबत जोडला, तर जुन्या पाराची उपयुक्तता घेता येईल आणि त्याचा अन्याय मागे सोडता येईल.

या तिन्हींच्या आधी येतो तो क्रमाचा प्रश्न. मुंबईच्या नकाशावर इमारत प्रथम बसते आणि मोकळी जागा उरलेल्या क्षेत्रातून मोजून काढली जाते. सुधारणा न्यासाने अंशांची रेषा आखली तेव्हा हा क्रम काही काळ उलटला होता. लासलगावच्या शिवारात मात्र मोकळी जागा आधी, हा क्रम कधी बदललेलाच नाही. तेथे कांदाचाळ बांधणारा शेतकरी खांबांचे खड्डे घेण्यापूर्वी जमिनीचा उतार आणि वाऱ्याची दिशा पाहतो, मधल्या वाटेची जागा दोरीने आखतो, आणि मगच दोन्ही बाजूंच्या राशींची रुंदी ठरवतो.